प्यायला चालतं, स्लॅबला नाही!

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. व्हरांड्यात चहा पीत बसलो होतो, तर वरून स्लॅबचा पोपडा थेट बशीत! वर बघितलं तर सळई उघडी पडलेली, तांबडी आणि फुगलेली. घर बांधून पुरती पंधरा वर्षंही झाली नाहीत. आप्पा म्हणाले, "इंजिनिअर होतोयस ना? सांग मग, हे कशानं झालं?" मी म्हणालो, "बघावं लागेल." (वायव्हालाही माझं हेच उत्तर असतं.)

पण या वेळी खरंच बघितलं. बांधकामाला पाणी वापरलं होतं आमच्या विहिरीचं. विहिरीशेजारचा तुकडा क्षारपड, उन्हाळ्यात पांढराफेक. आपल्या बारामती-इंदापूरकडे हे काही नवीन नाही. इंग्रजांच्या काळात, १८८५ च्या सुमारास कालवा आला, ऊस आला, सुबत्ता आली. पण काळ्या जमिनीला निचरा कमी. पाणी मुरत राहिलं, खालची पातळी वर आली, उन्हानं पाणी उडालं आणि मीठ मागं राहिलं. तेच मीठ विहिरीतही उतरतं.

या मिठातला क्लोराइड मोठा वस्ताद. सिमेंट अल्कधर्मी, पीएच साडेबाराच्या पुढे. त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. क्लोराइड हा थर जागोजागी फोडतो. बरं, या कामात तो स्वतः संपतही नाही. लोखंडाला चिकटतो, पुन्हा सुटतो, पुढच्या अणूकडे जातो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला तो त्याच्या ताणलेल्या केबल गंजल्यामुळे. तेव्हा त्याला वीस वर्षंही झाली नव्हती.

मग क्लोराइड म्हणजे खलनायक? थांबा. पावसाळ्यात माझ्या रूममेटला जुलाब झाले, तेव्हा दवाखान्यात त्याला सलाइन लावलं. बाटलीवर लिहिलं होतं ०.९ टक्के. म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ, त्यात जवळजवळ साडेपाच ग्रॅम क्लोराइड. त्यानंच गडी उठून बसला! जठरातलं आम्ल क्लोराइडशिवाय बनत नाही. मेंदूतल्या चेतापेशीत बहुधा क्लोराइड आत शिरला की ती शांत होते. पेशीला बारीक दारं असतात. कोणाला कधी आत घ्यायचं ते तीच ठरवते. असंच एक दार जन्मतः बिघडलं की सिस्टिक फायब्रोसिस होतो, फुप्फुसात चिकट कफ साठतो. पिकालाही क्लोराइड चिमूटभर लागतो, जास्त झाला की पानांच्या कडा करपतात.

फरक क्लोराइडमध्ये नाही, दारात आहे. काँक्रीटला दार नसतं. त्याला असतं फक्त कव्हर, आणि ते आपल्या हातात असतं. आमच्या स्लॅबला ते जेमतेम अर्धा इंच निघालं. त्यामुळे सगळं पाप एकट्या पाण्याच्या माथी मारता येणार नाही.

आता गंमत बघा. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालतं. आणि आयएस ४५६ प्रमाणे आरसीसीच्या पाण्यात? फक्त ५००! आमच्याकडे मिस्त्री पाण्याचा घोट घेऊन "चालतंय" म्हणतो, आणि स्लॅब पडतो.

मित्रांनो, आता मुद्द्याचं. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी मोहर पद्धतीनं क्लोराइड काढलेला आहे. सिल्व्हर नायट्रेट, पोटॅशियम क्रोमेट, विटकरी रंग आला की थांबा. कुणाचं पाणी होतं ते? लॅबच्या नळाचं. रीडिंग कुणाचं? बहुतेकांचं शेजाऱ्याचं! पिकांवरच्या असल्या ताणांसाठी २००९ पासून बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय संस्था आहे. गावच्या घरांसाठी कोण आहे? आपणच ना?

माझं म्हणणं एवढंच : सुट्टीवरून येताना प्रत्येकानं गावच्या विहिरीचं, बोअरचं पाणी बाटलीत आणावं. सरांनी प्रॅक्टिकलला तेच द्यावं आणि आकडे गाववार नोटीस बोर्डवर लावावेत. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे हे कबूल. पण फोडून पुन्हा भरलेल्या स्लॅबपेक्षा नक्कीच स्वस्त.

मी माझी बाटली आणली. ब्युरेट खाली-खाली जात राहिली, पाचशेची हद्द केव्हाच मागे पडली. आप्पांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उन्हाळ्यात तुझ्या चुलत्याचं घर निघतंय. त्याला आत्ताच सांग, चांगलं पाणी बघायला."

सांगितलं. कव्हरचंही सांगितलं. तुमच्या गावातही या उन्हाळ्यात कुणाचं तरी घर निघत असेलच की.