गाइड ‘मिळणे’ आणि गाइड निवडणे

सोलापुरात पीएच.डी.च्या वाटेला लागलेल्या मुलाला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो: ‘गाइड मिळाले का?’ कोणते गाइड निवडलेस, आणि का, असे त्याला कोणीही विचारीत नाही. रेशनच्या दुकानात साखर यावी तसे गाइड येतात. आले की पदरात पाडून घ्यावे, प्रत विचारू नये!

2004 साली सोलापूर शिवाजी विद्यापीठापासून वेगळे झाले. कोल्हापूरच्या खेपा वाचल्या, हे मान्यच केले पाहिजे. पण एका जिल्ह्याच्या विद्यापीठात निवडही जिल्ह्यापुरतीच उरली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 व सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यास नवा विद्यार्थी घेता येत नाही. नियम योग्यच आहे. पण शासनाने शिक्षकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची आणि मग विद्यार्थ्याला म्हणायचे, ‘तू निवड कर’, ही शुद्ध थट्टा आहे. ज्याच्या घरची ऐपत आहे तो पुण्या-मुंबईला जातो. ज्याची आई विड्या वळते, तो कुठे जाणार?

समजा, अशा मुलीला विडी कामगार स्त्रियांच्या मजुरीवरच अभ्यास करायचा आहे. कारखान्यात किती विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांचा हिशेब कोण ठेवतो, हा तिचा प्रश्न. उपलब्ध गाइडांचा स्वतःचा प्रबंध सहकारी पतसंस्थांवर. मग विषय ठरतो: अमुक तालुक्यातील पतसंस्थांचे कार्य, ‘एक चिकित्सक अभ्यास’. चिकित्सा तिथेच संपते. विज्ञान शाखेत तर याहून बिकट. तिथे यंत्र सरांचे, प्रयोगशाळेची किल्ली सरांची, निबंधावर नावही सरांचे. सरांच्या गटाबाहेरचा प्रश्न सुचणे हाच तिथे उद्धटपणा ठरतो.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच घरात आहे. डॉ. आंबेडकरांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. 1923 साली तो ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपल्याला यातले बहुतेक युक्तिवाद पटत नाहीत, असे सरळ सांगून विचारांच्या ताजेपणाचे कौतुक केले. जयंतीला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या आमच्या किती मार्गदर्शकांनी न पटणाऱ्या प्रबंधावर सही केली आहे?

दोष सर्वस्वी व्यक्तींचा नाही. दोन-दोन विभागांचे काम ओढून विद्यार्थ्यांचे कच्चे खर्डे रात्री तपासणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. पण व्यवस्था त्यांना ओळखत नाही. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने पदवी मिळविणाऱ्या प्रत्येक संशोधकामागे मार्गदर्शकाला 10 गुण ठेवले, प्रबंध सादर झाल्यास 5. चार वर्षे सरांच्या घरचे गॅस सिलिंडर आणून, परीक्षेचे पेपर तपासून, शेवटी कंटाळून जो सोडून गेला, त्याच्यापायी कोणाचा एकही गुण वजा होत नाही. तो हिशेबातच नाही.

म्हणूनच गाइडची कीर्ती ऐकू नये. त्यांच्याकडून सुटून गेलेल्यांना गाठावे, असे आम्ही या मुलांना सांगतो. परंतु हा शोध चोरून, कॅन्टीनच्या कोपऱ्यात का करावा लागावा? प्रत्येक मार्गदर्शकाकडे किती जणांनी नोंदणी केली, किती जणांनी किती वर्षांत प्रबंध दिला, किती सोडून गेले, हा तक्ता विद्यापीठाने प्रवेशाच्या जाहिरातीबरोबरच छापावा. गाइड बदलण्याचा अर्ज त्याच गाइडच्या सहीवाचून स्वीकारला जावा. शिष्यवृत्तीचा हप्ता कोणा एकाच्या मर्जीवर अडू नये. यासाठी नवी इमारत लागत नाही की नवे अनुदान लागत नाही. आकडे विद्यापीठाच्या कपाटात आहेतच. पुढच्या प्रवेशाआधी ते फलकावर लावावेत.