वर्षानंतरचा मुक्काम

सेवेचे वर्ष संपवून मुलगा परतावयाचा, तोच “येथेच राहावयाचे ठरविले आहे” असे पत्र येते आणि वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा उठतो. आम्हांस हा निश्चय अविचाराचा वाटत नाही. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ बोर्डीस गेल्या. १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुले शाळेत येत ना, कारण गुरे राखावयाची कोणी? तेव्हा शाळाच कुरणात नेली. ही युक्ती पाहुण्यास सुचणे कठीण. गुरांच्या वेळा उमगेपर्यंत त्याची परतीची गाडी येते. अनुताईंनी १९९२ साली देह ठेवीपर्यंत कोसबाड सोडले नाही.

पत्राच्या उत्तरी पाणी कोठून आणतोस, पोटापाण्याचे कसे, हे आधी पुसावे. लग्नाचे बोलणे मागाहून.