कोळसा कंपनीचा, रस्ता कोणाचा?

डोंगराच्या पोटातला कोळसा आपण होऊन खाली येत नाही. त्यासाठी रस्ता लागतो. डोंगराची कड कापून, मोकळी झालेली माती उताराकडे लोटून, अवजड डंपर जातील एवढ्या रुंदीचा तो काढला जातो. खाणमालकाच्या हिशेबवहीत हा रस्ता म्हणजे दर टनामागचा एक किरकोळ खर्च असतो. खालच्या दरीत राहणाऱ्या माणसाच्या लेखी मात्र तोच रस्ता म्हणजे घरावर येणारी दरड, गाळाने भरलेला ओढा आणि नासलेले पाणी. कोळसा संपला की कंपनी जाते. रस्ता राहतो आणि त्याचे कर्ज गावाच्या माथी बसते.

अमेरिकेतील ॲपलाचियन पर्वतराजीचा इतिहास हेच सांगतो. केंटकी राज्यातील गरीब शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी जमिनीखालच्या खनिजांचे हक्क कवडीमोलाने लिहून दिले होते. पुढे बुलडोझर आले, तेव्हा त्याच जुन्या कागदांच्या बळावर कंपन्यांनी शेते, कुरणे आणि घरामागचे डोंगर फोडले. न्यायालयांनीही त्यावर मान्यतेची मोहोर उठवली. 1965 साली ओली कोम्ब्ज या विधवेने बुलडोझरपुढे स्वतःला झोकून दिले. पोलिसांनी तिला उचलून नेले व तुरुंगात डांबले. बुलडोझर चालवणारा गुन्हेगार ठरला नाही, आडवी पडलेली म्हातारी ठरली! हा अन्याय कायमचा रोखणारी घटनादुरुस्ती मतदारांनी प्रचंड बहुमताने मंजूर केली, ती 1988 मध्ये.

डोंगरातील रस्त्याचे शास्त्र काही गूढ नाही. ओढ्याच्या पात्रात वा त्याला खेटून रस्ता काढू नये, चढ माफक ठेवावा, डोंगराकडच्या बाजूला चर खणावा, ठराविक अंतरावर मोऱ्या घालाव्यात, वाहून येणारा गाळ अडवण्यास तळी बांधावीत. पाण्याला वाट दिली नाही तर भरावात मुरलेले पाणीच एके दिवशी भराव घेऊन खाली उतरते. काम संपल्यावर मोऱ्या व पूल काढून पाण्याचे मूळ प्रवाह मोकळे करावेत, उतार पूर्ववत करावा, वरची सुपीक माती पुन्हा पसरून झाडे लावावीत. डंपरच्या चाकांनी दगडासारखी दाबलेली जमीन आधी खोलवर फोडावी लागते, नाही तर तीत झाडाचे मूळ शिरत नाही. यातले काहीच अशक्य नाही. मात्र या सर्वाला पैसा लागतो, आणि सुपीक माती पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवलेली असावी लागते. रस्त्याच्या शेवटाचा विचार त्याच्या आरंभी झाला नाही, तर नंतरची सारी धावपळ म्हणजे वरातीमागून घोडे.

हे सर्व कायद्यात आणण्यासाठी अमेरिकन जनतेला दीर्घकाळ झगडावे लागले. अध्यक्ष फोर्ड यांनी 1974 व 1975 अशा लागोपाठ दोन वर्षी खाण-नियंत्रणाचे विधेयक अडवले. अखेर 3 ऑगस्ट 1977 रोजी अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली. परवाना मिळण्यापूर्वी पुनर्वसनाची योजना सादर करावी आणि कंपनीने काम सोडल्यास सरकारला ते पुरे करता येईल एवढे तारण ठेवावे, ही त्यातील मुख्य अट.

पण भांडवलदार कायद्याला हरवू शकला नाही तर तो कायद्याला पोखरतो. खाणीनंतरच्या जमीन-वापरासाठी रस्ता उपयुक्त आहे असे मान्य करून घेतले, की तो मोडण्याची जबाबदारी संपते. तो खरोखर कोणाच्या उपयोगाचा आणि पुढे त्याची डागडुजी कोण करणार, हा प्रश्न गाव सोडवत बसते. दुसरी पळवाट त्याहून भयंकर. सुस्थितीतील मोठ्या कंपन्यांना रोख तारणाऐवजी स्वतःच स्वतःची हमी देण्याची मुभा मिळाली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार! 2015 मध्ये अल्फा आणि 2016 मध्ये आर्च व पीबॉडी या बलाढ्य कंपन्यांनी दिवाळखोरीचा आश्रय घेतला, तेव्हा असल्या हमीची किंमत जगाला कळली. जी हमी कंपनी बुडताच बुडते, तिला हमी म्हणायचे तरी कशासाठी?

अशा वेळी मालकांचे वकील रोजगाराचा मुद्दा पुढे करतात. अटी कडक केल्या तर खाणी बंद पडतील आणि मजूर उपाशी मरतील, असा त्यांचा कांगावा असतो. परंतु डोंगर फोडणारा बुलडोझर आणि डोंगर पूर्ववत करणारा बुलडोझर एकच, आणि तो चालवणारा कामगारही एकच. पुनर्वसन हे श्रमाचेच काम आहे. त्याला विरोध कामगाराच्या पोटाचा नसून मालकाच्या नफ्याचा आहे. खाण-कामगार आणि दरीतला शेतकरी यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हा मालकवर्गाचा जुना डाव कार्यकर्त्यांनी ओळखलाच पाहिजे.

वर्धा खोऱ्यातील खाणी डोंगरात नाहीत आणि भारतात कोळशाचे राष्ट्रीयीकरण 1973 मध्येच पूर्ण झाले, हे खरे. पण मालक बदलल्याने डंपरखालची जमीन मऊ होत नाही. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने 2009 मध्ये खाणबंदीच्या खर्चासाठी उघड्या खाणींना दर हेक्टरी 6 लाख रुपये या आधाराने वेगळ्या खात्यात रक्कम ठेवण्याचे बंधन घातले. कंपनीच्या नुसत्या शब्दापेक्षा ही तरतूद निश्चितच उजवी. तथापि पैसा खात्यात पडून राहिल्याने ओढा मोकळा होत नाही. चंद्रपूर-यवतमाळच्या कार्यकर्त्यांनी खाणबंदीची योजना मराठीत गावासमोर वाचून दाखवण्याची मागणी केली पाहिजे. कोणता रस्ता मोडणार, कोणता ठेवणार, ठेवला तर त्याची देखभाल कोणाच्या खर्चाने होणार, याची उत्तरे पहिला डंपर येण्यापूर्वी ग्रामसभेत मिळाली पाहिजेत. ज्या रस्त्याने कोळसा जातो, त्याच रस्त्याने जबाबदारीही निघून जाऊ देता कामा नये.