विद्यापीठ निवडताना आपण तोलतो काय?



आमच्या जाऊबाईंची नात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. आता एम.एस्सी. कुठे करायची, यावर गेल्या रविवारी घरात बैठक बसली. एकीकडे आपलं शिवाजी विद्यापीठ, जयसिंगपूरहून रोज जाऊन-येऊन करता येईल असं. दुसरीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. दोन्ही सरकारी, दोन्हीकडे संख्याशास्त्राचा विभाग, आणि खर्च घराला झेपणारा.

दोन तास चर्चा झाली. "पुण्याचं नाव मोठं आहे." "स्थळं बघताना पुण्याची डिग्री बरी दिसते." "पण मेसमध्ये कांदा-बटाटा, रात्रीचं जेवण, त्याचं काय?" "संगत कशी मिळेल कोण जाणे." तिथे शिकवतं कोण आणि कसं, हे मात्र एकानंही विचारलं नाही. ज्या पोरीला शिकायचं होतं ती कोपऱ्यात बसून मुकाट्यानं ऐकत होती.

म्हणून आज हे लिहायला बसले. आपल्या घरांत आता मुली खूप शिकतात, याचा मला आनंद आहे. पण विद्यापीठांची तुलना करताना आपण आधी नाव बघतो, मग भीती बघतो आणि शिक्षण शेवटी बघतो, तेही वेळ उरला तर.

आधी नावाचं बोलू. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. आम्हाला पुस्तपालनात 'ख्याती' नावाचा भाग होता. धंद्याच्या नावाला जी किंमत येते ती ख्याती. ती काढायची तर मागच्या काही वर्षांच्या नफ्याची सरासरी घ्यायची. म्हणजे ख्याती ही काल केलेल्या कष्टांची असते. आज दुकानात माल कसा आहे ते ती सांगत नाही.

मुंबई विद्यापीठ 1857 सालचं. त्याच्याइतकं जुनं नाव महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाचं नाही. पण 2017 साली संगणकावर पेपर तपासण्याच्या नव्या पद्धतीत असा गोंधळ झाला, की निकाल महिनोन्महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. त्या वर्षी निकालाची वाट बघणाऱ्या मुलांना त्या जुन्या नावाचा काय उपयोग झाला?

दुसरं उदाहरण घरचंच. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. 1949 साली पुणे विद्यापीठ निघालं, तेव्हा ते पुण्याकडे गेलं. 1962 साली शिवाजी विद्यापीठ झालं, तेव्हा कोल्हापूरकडे आलं. कॉलेज एकच, पण डिग्रीवरचं नाव दोनदा बदललं. त्याच कॉलेजात डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी वर्षानुवर्षं अर्धमागधी शिकवली. कुंदकुंदाचार्यांच्या 'प्रवचनसार'चं त्यांनी केलेलं संपादन परदेशातले अभ्यासकही वाचतात. त्यांच्या हाताखाली शिकलेल्याला डिग्रीवर कोणत्या विद्यापीठाचा शिक्का आहे, यानं काय फरक पडला असेल?

आता क्रमवारीचं. दरवर्षी केंद्र सरकारची यादी लागते आणि पेपरात आकडे येतात. तो आकडा कशाचा बनतो ते बघावं. शंभरपैकी 30 गुण शिकवणं आणि साधनसामग्रीला, 30 संशोधनाला, 20 मुलांच्या निकालाला आणि पुढच्या वाटचालीला, 10 सर्व थरांतल्या मुलांना सामावून घेण्याला, आणि 10 लोकांच्या मनातल्या प्रतिमेला. म्हणजे ज्या नावावर आम्ही दोन तास घालवले, त्याला सरकारनंसुद्धा फक्त 10 गुण ठेवलेत! शिवाय हा आकडा साऱ्या विद्यापीठाचा असतो. त्यातला एखादा विभाग उत्तम असतो, एखादा नुसताच चाललेला असतो. पदवीला तर आपली मुलं बहुतेक संलग्न कॉलेजांतच बसतात, विद्यापीठाच्या आवारात त्यांचा पाय क्वचितच पडतो. तेव्हा बी.कॉम.ला कॉलेज बघावं आणि एम.एस्सी.ला विभाग.

बघायचं म्हणजे काय, तर साधे प्रश्न विचारायचे. विभागात कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? मंजूर जागांपैकी रिकाम्या किती? निकाल वेळेवर लागतो का? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजता बंद होतं? मागच्या वर्षी पास झालेल्या मुली आज कुठे आहेत? शेवटचा प्रश्न ऑफिसात विचारू नये, दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलींना विचारावा. कामवाली ठेवतानासुद्धा आपण आधीच्या घरी चौकशी करतो. इथे तर लेकीची दोन वर्षं द्यायची आहेत.

आता संगतीचं आणि जेवणाचं. हे मी उडवून लावणार नाही, कारण ते मी भोगलंय.

1981 साली मी बी.कॉम. पहिल्या वर्गात पास झाले. पुण्याला एम.कॉम. करायची फार इच्छा होती. आमचे अण्णा एवढंच म्हणाले, "तिथं सूर्यास्ताआधी तुला कोण वाढणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी लग्न झालं. अण्णांवर माझा राग नाही, त्यांना खरोखरच काळजी होती. पण त्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते आम्ही कोणी शोधलं नाही, हे मात्र अजून टोचतं.

मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल. तो प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याच्या देणगीतून उभा राहिला, आणि त्याला नाव दिलं त्यांच्या आईचं. असं सांगतात, की राजाबाईंना दिसत नव्हतं, आणि त्या रात्रीभोजनत्याग कडक पाळायच्या. टॉवरच्या घड्याळाचे टोले ऐकून त्या संध्याकाळी वेळेत जेवायच्या. विद्यापीठाच्या घड्याळावर एका श्राविकेचं व्रत सांभाळलं गेलं, आणि आपण म्हणतो विद्यापीठात गेलं की व्रत मोडतं! आज पुण्यात जैन जेवणाचे डबे मिळतात. मेसवाल्याला सांगून साडेपाचला डबा भरून घेता येतो. जिला पाळायचंय ती पाळते. जिला पाळायचं नाही ती घरात राहूनही पाळत नाही, हे आपण सगळ्या जाणतोच.

संगतीचा प्रश्न त्याहून मोठा. इथे मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. ते आपल्या समाजातले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. त्यांच्या चरित्रात येतं, की ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परत आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. पुणे विद्यापीठातली 'कमवा आणि शिका' योजना आज त्यांच्याच नावानं चालते. वेगळ्या घरांतल्या मुलांबरोबर राहणं हा शिक्षणाचाच भाग आहे, हे महाराष्ट्राला आपल्याच माणसानं शिकवलं. मग आपल्याच मुलींच्या बाबतीत आपण संगत या शब्दाला एवढं का भ्यावं?

म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे. पुणे की कोल्हापूर, हा माझ्या मते दुसऱ्या नंबरचा प्रश्न. पहिला प्रश्न, पोरगी तिथे राहणार की रोज एसटीनं जाणार? जायला-यायला तीन तास गेले, तर पाचच्या गाडीच्या काळजीनं ती संध्याकाळचं व्याख्यान सोडेल, ग्रंथालय सोडेल, मैत्रिणींबरोबर बसून गणितं सोडवणं सोडेल. डिग्री तीच मिळेल, पण विद्यापीठ अर्धंच मिळेल. कोल्हापूरचा विभाग चांगला वाटला तर जरूर कोल्हापूर, पण तिथल्या वसतिगृहात राहून. रविवारी घरी येईल, बस्तीत दर्शन घेईल, सोमवारी परत जाईल.

आपल्याकडे अनेकांतवाद आहे. एकाच बाजूनं वस्तू पाहून 'हीच खरी' म्हणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नाव ही विद्यापीठाची एक बाजू, शिकवणं दुसरी, तिथलं राहणं तिसरी. प्रवचनात मान डोलावायची आणि घरच्या बैठकीत एकच बाजू धरून बसायचं, हे काही खरं नाही.

त्या दिवशी मी पुतण्याला एवढंच म्हटलं, "लेकीला घेऊन दोन्हीकडे जाऊन या. विभागात बसा, मुलींशी बोला, आणि मग तिला विचारा." तो कुरकुरला, सुट्टी नाही म्हणाला. मग पोरगीच पहिल्यांदा बोलली, "मी एकटी जाऊन येते, बाबा." आता पुढच्या आठवड्यात दोघं निघणार आहेत. प्रश्नांची यादी तिनं वहीत लिहून घेतली आहे, आणि माझ्या प्रश्नांच्या खाली तिचे स्वतःचे चार आहेत.

तुमच्या घरात यंदा कोणी मुलगी शिकायला निघाली असेल, तर बैठक जरूर बसवा. फक्त तिला कोपऱ्यात बसवू नका.