आधी पेन्शनचे बोला, मग फुले वाहा



13 डिसेंबर उजाडला की दिल्लीत जुन्या संसद भवनासमोर 2001 च्या संसद हल्ल्यात प्राण गेलेल्यांच्या तसबिरी मांडल्या जातात. सत्ताधारी येतात, विरोधक येतात, पाकळ्या वाहतात. वर्षभर एकमेकांचे तोंड न पाहणारे त्या सकाळी एका रांगेत उभे राहतात. त्या तसबिरींमध्ये एक केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या (सीआरपीएफ) शिपाई कमलेशकुमारी यादव यांची आहे.

2001 साली त्या दिवशी दोन्ही सभागृहे नुकतीच तहकूब झाली होती, पण शंभरावर खासदार अजून आतच होते. गृहमंत्रालयाचे स्टिकर आणि लाल दिवा लावलेली पांढरी ॲम्बॅसॅडर आवारात शिरली. त्या काळी लाल दिवा दिसला की आपल्याकडे हात आपोआप सलामाला जायचा. कमलेशकुमारींना मात्र संशय आला. हातात शस्त्र नव्हते. संसदेच्या फाटकावरच्या महिला शिपायांना ते दिलेच जात नव्हते! होता फक्त वॉकीटॉकी. त्या फाटक लावायला धावल्या, ओरडून सहकाऱ्यांना सावध केले. अकरा गोळ्या लागल्या. पाचही हल्लेखोर बाहेरच मारले गेले, सभागृहापर्यंत एकही पोचला नाही.

आठ सुरक्षा कर्मचारी गेले, आणि देशराज नावाचा माळीही. कमलेशकुमारींना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पुढे 2006 मध्ये या हल्ल्यातला दोषी अफझल गुरू याची फाशी रखडली म्हणून हुतात्म्यांच्या काही कुटुंबांनी पदके राष्ट्रपतींना परत केली. 2013 मध्ये फाशी झाली आणि दिल्लीच्या लेखी विषय संपला.

आमच्या लेखी संपलेला नाही.

1 जानेवारी 2004 पासून सीआरपीएफमध्ये भरती झालेल्या जवानाला जुनी, म्हणजे ठरलेल्या रकमेची हमी देणारी पेन्शन नाही. हेच दल आज आपल्या गडचिरोलीच्या जंगलात उभे आहे. जवान ड्युटीवर मेला तर कुटुंबाला जुन्या नियमांनी पेन्शन घेण्याची सोय आहे. नोकरी पुरी करून जिवंत घरी आला तर ती सोय नाही. हा कायदा कोणी आणि कोणत्या तोंडाने लिहिला असेल? जानेवारी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की सीआरपीएफसारखी केंद्रीय दले देशाची सशस्त्र दलेच आहेत, त्यांना जुनी पेन्शन द्या. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि स्थगिती घेऊन आले. भाषणात ‘शहीद’ म्हणायचे आणि कोर्टात त्यांच्याच भाऊबंदांविरुद्ध वकील उभा करायचा!

आता ज्यांच्यासाठी ते फाटक लावले गेले, त्यांचे पाहा. खासदारकी कितीही दिवस टिकली तरी पेन्शन लागू होते. 2023 पासून ती महिना 31,000 रुपये आहे, आणि पाच वर्षांवरच्या प्रत्येक वर्षाला जादा रक्कम. आम्हाला खासदारांच्या पेन्शनची पोटदुखी नाही. दारावर उभ्या असलेल्याला तीच निश्चिती का नाही, एवढेच विचारायचे आहे.

म्हणून येत्या 13 डिसेंबरला मेणबत्त्या नकोत. आपापल्या खासदाराच्या कार्यालयात जा. चहा घेऊ नका. कमलेशकुमारींच्या दलातल्या जवानाला जुनी पेन्शन द्यायला आपला पाठिंबा आहे की नाही, हे सही-शिक्क्यासह कागदावर मागा. ‘बघू’ म्हणाले तर तेच लिहून मागा, आणि तो कागद चौकात लावा.