कातडीची भिंत आणि दोन तेलं

उन्हाळा लागला की आमच्याकडे एकच तक्रार येते: "अंगाला खाज सुटते, पोटऱ्या फुटतात, काय लावू?" उत्तरासाठी या वेळी आम्ही तुम्हाला कुवेतला नेणार आहोत. आपल्या पासपोर्टवर तिथे कोणी येऊ देणार नाही, पण कागदावर जायला कोण अडवतं? अलिबाग-पेणकडचे आपले किती शेजारी तिथे नोकरीला गेले, तेव्हा नाव काही परकं नाही. सालेह आणि दाऊद हे गाजलेले ज्यू संगीतकार भाऊ तिथलेच, म्हणून तर ते 'अल-कुवेती'.

कुवेतमधल्या मित्रिबा या ठिकाणी २१ जुलै २०१६ रोजी पारा ५३.९ अंशांवर चढला. जागतिक हवामान संघटनेने पुढे २०१९ साली हा आकडा मान्य केला. तिथे उन्हाळ्याच्या दुपारी हवेतला ओलावा १० टक्क्यांच्याही खाली जातो, आणि वर 'शमाल' नावाचा वायव्येचा वारा धूळ घेऊन येतो. अशा हवेत पिळलेलं फडकं बघता बघता कडक होतं. मग माणूस का नाही वाळून जात?

बाळांनो, हात डोळ्यांजवळ धरून बघा. वरचा जो थर दिसतो ना, तो मेलेल्या, चपट्या पेशींचा आहे. या झाल्या विटा. विटांच्या मधे चुना असतो तशी इथे चरबी भरलेली असते. असे पंधरा-वीस थर एकावर एक, तरी सगळी भिंत मिळून वहीच्या कागदाहून पातळ! (तळहात-तळपायाची मात्र जाड असते.) ही भिंत आतलं पाणी आत ठेवते आणि बाहेरची धूळ, जंतू बाहेर. तरीही घाम न येता दिवसाला ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी कातडीतून उडून जातंच. भिंतच नसती तर काय झालं असतं, ते मोठा भाजलेला रोगी पाहिलेल्याला विचारा.

भिंत साधारण चार आठवड्यांत नवी होते. म्हातारपणी गवंडी हळू काम करतो आणि चुनाही कमी पडतो, म्हणून आजी-आजोबांची कातडी आधी तडकते. तड गेली की खाज, खाजवलं की जखम, आणि जखमेतून जंतू आत.

कुवेतची माणसं काय करतात? अंगभर सैल, लांब दिशदाशा आणि डोक्यावर रुमाल. उघड्या अंगाने उन्हात फिरायची फॅशन वाळवंटाने काढलेली नाही! १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करायला सरकारची बंदी आहे. उरलेला वेळ एसीत. पण एसीची हवाही कोरडीच, तिथेही कातडी तडकते. बेर शेवा नि दिमोनात रात्रंदिवस मझगान लावून बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरा शत्रू साबण. कातडी किंचित आंबट असते आणि तो आंबटपणा वाईट जंतूंना आवडत नाही. साध्या साबणाने तो जातो, चुनाही थोडा धुऊन निघतो. तेव्हा कढत पाण्यात अर्धा तास घासत बसू नका. कोमट पाणी, दहा मिनिटं, आणि साबण काखेत, जांघेत, पायाला. शब्बाथची आंघोळसुद्धा याला अपवाद नाही.

आता तेलाकडे येऊ. कोकणात आपल्याला 'शनवार तेली' म्हणत, आणि कुवेत तर तेलावरच उभा. १९३८ साली बुरगानला खनिज तेल लागलं, १९४६ साली पहिलं जहाज भरून गेलं. औषधाच्या दुकानातली व्हॅसलिन खनिज तेलापासूनच होते, आणि कातडीतलं पाणी अडवायला तिच्याइतकं स्वस्त नि चांगलं क्वचितच काही मिळेल. पण आपलं खोबरेल कमी समजू नका. फिलिपाईन्समध्ये एक्झिमाच्या ११७ मुलांवर केलेली तुलना २०१४ साली छापून आली. त्यात खोबरेल मिनरल ऑईलपेक्षा सरस ठरलं.

इथे मात्र एक गडबड आहे. इस्राएलात आल्यावर खोबरेलाची बाटली संपली नि स्वयंपाकघरातलं ऑलिव्हचं तेल पायांना चोळायला लागले, अशी घरं आम्हाला माहीत आहेत. शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की ते तेल चुना मजबूत करायचं सोडून सैल करतं आणि कातडी लाल होते. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. तेव्हा ऑलिव्ह सॅलडमध्ये घाला, नातवाच्या अंगाला नको.

लावायचं ते आंघोळीनंतर, अंग टिपून ओलसर असतानाच. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत लावू नये, तिथे ओल साचून चिखल्या होतात. अशांनी रोज रात्री चष्मा लावून तळवे बघावेत, दिसत नसतील तर नातवंडांना बघायला सांगावं. भेगेतून रक्त किंवा पू आला, भोवती लाल होऊन गरम लागलं, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी कुपत होलीम गाठा.