ओढ्याचं प्रगतिपुस्तक

या सदरातून मी दरवर्षी इथल्या शाळेबद्दल काही ना काही लिहिते. शिकवणं सोडून आठ वर्षं झाली, तरी लेकीच्या दप्तरातून येणारा प्रत्येक कागद मी आधी बाई म्हणून वाचते, मग आई म्हणून. यंदाचा कागद पाण्याचा होता. तिच्या सहावीच्या वर्गाने वसंतात सहा आठवडे शाळेमागच्या ओढ्याचा अभ्यास केला. त्या अभ्यासाचं शेवटचं प्रकरण मात्र आमच्या घरासमोरच्या लॉनवर लिहिलं गेलं.

मेरिलँडमध्ये हायस्कूल पूर्ण करायचं तर पर्यावरणाचं शिक्षण घ्यावंच लागतं. २०११ साली असा नियम करणारं हे देशातलं पहिलं राज्य. याचं मोठं कारण म्हणजे आपली चेसापीकची खाडी. तिचं पाणलोट क्षेत्र सहा राज्यं आणि वॉशिंग्टन डी.सी. मिळून ६४,००० चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. आणि एवढ्या जमिनीवरचं पाणी जिच्यात येतं ती खाडी सरासरी फक्त २१ फूट खोल! परातीत सगळ्या घराचं सांडपाणी सोडावं तशातली गत. या खाडीलाही दरवर्षी प्रगतिपुस्तक मिळतं, मेरिलँड विद्यापीठाचे शास्त्रज्ञ ते काढतात. २०२३ सालासाठी तिला 'सी प्लस' मिळाला आणि तो २००२ नंतरचा सर्वांत चांगला शेरा होता. 'सी प्लस'वर पेढे वाटावेत अशी परिस्थिती आपल्या मंडळातल्या एकाही घरात यायची नाही, पण खाडीच्या बाबतीत लोक खरंच खूश झाले.

मुलांना आधी रसायनांच्या पट्ट्या न देता जाळी दिली, हे मला फार आवडलं. ओढ्यातले दगड उलटायचे, खालचे किडे पांढऱ्या ट्रेमध्ये काढायचे आणि मोजायचे. स्टोनफ्लाय, मेफ्लाय, कॅडिसफ्लाय यांची पिल्लं स्वच्छ आणि भरपूर प्राणवायूच्या पाण्यातच टिकतात. जळवा आणि गांडुळांसारख्या अळ्या कशातही जगतात. पट्टी फक्त या क्षणाचं पाणी सांगते. किडे मात्र महिनोन् महिने तिथेच राहिलेले असतात, त्यामुळे ते सगळ्या वर्षाची साक्ष देतात. आमच्या ओढ्यात स्टोनफ्लाय एकही नाही, मेफ्लाय दोन, जळवा मात्र मोजता मोजता पोरं कंटाळली.

मग पट्ट्या आल्या. नायट्रेटची पट्टी गुलाबी होत ३ वर थांबली. पिण्याच्या पाण्याची इथली मर्यादा १० आहे. (आपल्याकडे ४५ म्हणतात म्हणून घाबरू नका. इथे त्यातला फक्त नायट्रोजन मोजतात, तिथे अख्खं नायट्रेट. हिशेब जवळजवळ एकच.)

तेव्हा सासूबाई आलेल्या होत्या. त्या लातूरच्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तो उन्हाळा त्यांनी हंडे मोजत काढलेला. आमच्याकडे आल्या की नळाला गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी त्या बादलीत धरतात आणि कुंड्यांना घालतात. नातीने कौतुकाने पट्टी दाखवली तेव्हा त्यांनी सरळ विचारलं,

"पिण्यालायक आहे ना?"

"हो आजी, तसं चालेल."

"मग त्रास कुणाला आहे?"

"खेकड्यांना."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माळकरी बाईला खेकड्याचं दुःख कसं पटवावं, हा प्रश्न मलाही होता. पण लेकीने नीट सांगितलं. खताचा नायट्रोजन खाडीत पोचला की शेवाळ माजतं, ते मरून तळाशी कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की मासे, खेकडे पळतात किंवा गुदमरतात. मग तिने पटक्झंट नदीवरच्या बर्नी फाउलर यांची गोष्ट सांगितली. तरुणपणी छातीइतक्या पाण्यात उभं राहून त्यांना आपले पाय दिसायचे. पुढे राज्याचे सिनेटर झाल्यावर १९८८ पासून दर जूनमध्ये ते पांढरे बूट घालून लोकांबरोबर नदीत उतरायचे आणि बूट दिसेनासे झाले की पाणी किती इंच चढलंय ते मोजायचे. २०२१ मध्ये ते गेले. सासूबाईंना रसायनं नाही कळली, पण बूट लगेच कळले. "आमच्या विहिरीत टाकलेला पैसा दिसायचा," त्या म्हणाल्या.

मी तालुक्याच्या गावी शिकवत होते तेव्हा मुलांना ओटी टेस्ट दाखवायचे. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे, प्या. तिथे पाण्याची परीक्षा म्हणजे पोटाची काळजी. आपलं पाणी खाली कुणाकडे जातं, हा प्रश्न आमच्या धड्यात नव्हता. तो खरं तर तिथेही असायला हवा.

पुढचा प्रश्न लेकीने जेवताना बापाला विचारला : "आपल्या लॉनला वर्षातून किती वेळा खत घालतात?" चार वेळा, कंपनीचा माणूस येतो. आमच्या रस्त्यावरच्या गटाराच्या जाळीतून पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही, थेट ओढ्यात जातं, हे ती बघून आली होती. नवरा आधी हसला, मग चिडला. त्याचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. या गल्लीत आपण एकटेच देशी. लॉन पिवळं पडलं, तण वाढलं, तर 'यांना घर ठेवता येत नाही' असं कुणी म्हणायला नको. आधीच एकदा सोसायटीचं पत्र आलं होतं, गवत दोन इंच जास्त वाढलं म्हणून. बाहेरून आलेल्या माणसाला हिरवळही शेजाऱ्यापेक्षा हिरवी राखावी लागते, हे तुम्हीही जाणता.

शेवटी मातीच तपासायला पाठवली. फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त निघाला. माती मागत नसेल तर लॉनला फॉस्फरस घालायला इथे कायद्यानेच मनाई आहे, आणि १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकांना लॉनवर खतच घालता येत नाही. चाराच्या दोन फेऱ्या झाल्या. गवत जरा उंच ठेवलंय, कापलेलं तिथेच पडू देतो. डाव्या बाजूला क्लोव्हर पसरलाय, त्यावर नवऱ्याची रोज नजर जाते आणि रोज तो काहीतरी पुटपुटतो. सोसायटीचं पत्र अजून आलेलं नाही.

दिवाळीला ड्राइव्हवेवर रांगोळी काढतो, आणि दुसऱ्या दिवशी पाइप लावून धुतो. यंदा ती झाडून उचलायची, असं लेकीने बजावलंय. व्हिडिओ कॉलवर हे सासूबाईंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "अगं, रांगोळी पाण्याने धुतं कोण?"